बॅकअप आहे, पण तो उघडतो का?

कापडाचे दुकान असो, चामड्याचा कारखाना असो की चार मागांचा छोटा धंदा असो, आपल्या बहुतेक व्यापारी बांधवांचा रोजमेळ, खतावणी, उधारी आणि मालसाठा आता कॉम्प्युटरमध्ये असतो. लाल कापडी वही कपाटाच्या तळाशी गेली. संध्याकाळी शटर ओढण्यापूर्वी मुनीम किंवा घरातला मुलगा एक बटण दाबतो, पडद्यावर 'बॅकअप पूर्ण झाला' असे उमटते आणि सर्वजण निश्चिंत मनाने घरी जातात. आज आम्हाला या निश्चिंतपणाबद्दलच लिहायचे आहे. वाचकांना आमचा एकच प्रश्न आहे : हा बॅकअप आपण शेवटचा कधी उघडून पाहिला?

अनेकांचे प्रामाणिक उत्तर 'कधीच नाही' असे असेल. येथेच धोका आहे. वही जळाली तर धूर दिसतो, भिजली तर पाने चिकटतात. कॉम्प्युटरमधला बॅकअप बिघडलेला असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. तो बिघडला आहे हे नेमके त्याच दिवशी कळते, ज्या दिवशी मूळ हिशेबही हातचा गेलेला असतो.

अशा वेळी जाते काय, याचा विचार करा. दुकान, माल आणि गिऱ्हाईक जागेवर असतात. पण कोणाकडून किती येणे आहे आणि कोणाला किती देणे आहे हे सांगणारे काही उरत नाही. येणे बुडाले तर नुकसान आपले. परंतु कारागिराची बाकी मजुरी, घाऊक व्यापाऱ्याचे देणे, ग्राहकाने दिलेली आगाऊ रक्कम ही तर दुसऱ्याची अमानत असते. वर्षाच्या जकातीचा हिशेबही शिल्लक माल आणि येणे-देणे यांवरच बसतो. कायदाही याबाबत स्पष्ट आहे. वस्तू व सेवा कर कायदा २०१७ च्या कलम ३६ नुसार हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. त्याच कराच्या नियम ५७ नुसार कॉम्प्युटरवरील नोंदींचा बॅकअप असा ठेवावा लागतो, की अपघाताने वा नैसर्गिक आपत्तीने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत त्या पुन्हा उभ्या करता येतील. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही बॅकअप नुसता घेऊन चालत नाही, तो परत उभा राहिला पाहिजे.

डेटाबेस आणि त्याची प्रत

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक डेटाबेस असतो. डेटाबेस म्हणजे एकमेकींना दोऱ्याने बांधलेल्या अनेक वह्या समजा. आपण एक बिल फाडले की विक्रीच्या वहीत रक्कम चढते, ग्राहकाच्या खात्यात नावे पडते, मालसाठ्यातून नग कमी होतो आणि कराची नोंदही होते. एका बिलाने चार ठिकाणी लिखाण होते. हे लिखाण चालू असतानाच फायलींची प्रत काढली, तर प्रतीत बिल येईल पण साठा जुनाच राहील, किंवा ग्राहकाच्या नावावर रक्कम चढेल पण बिल नसेल. अशी प्रत कित्येकदा उघडतच नाही. उघडली तरी तिचा ताळा जुळत नाही.

म्हणून बॅकअपच्या साधनांनी निरनिराळ्या पद्धती काढल्या आहेत. पहिली पद्धत, डेटाबेसकडून एका क्षणाच्या सर्व नोंदी मागून घेऊन त्या एका फायलीत क्रमाने उतरवणे. याला डंप म्हणतात. दुसरी, सॉफ्टवेअर बंद करून डेटाचा सबंध फोल्डर उचलणे. तिसरी, संपूर्ण डिस्कचे एका क्षणाचे चित्र घेणे, म्हणजे स्नॅपशॉट. चौथी, शेजारी दुसरा कॉम्प्युटर ठेवून पहिल्यावरची प्रत्येक नोंद लगेच त्याच्यावर उतरवणे. तिला रेप्लिकेशन म्हणतात. यातील चौथ्या पद्धतीबद्दल गैरसमज फार आहे. पहिला कॉम्प्युटर बंद पडला तर ती उपयोगी पडते. परंतु पहिल्यावर कोणी चुकून खाते पुसले, तर दुसऱ्यावरचेही क्षणात पुसले जाते. म्हणून रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नव्हे.

पाच उपाय, आणि ऐन वेळी एकही नाही

हे सर्व ज्यांना आपल्यापेक्षा कितीतरी अधिक कळते, त्यांच्यावरही काय वेळ आली ते पाहण्यासारखे आहे. गिटलॅब ही कंपनी जगभरच्या प्रोग्रामरांचे काम आपल्या संकेतस्थळावर सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या डेटाबेसवर अचानक मोठा भार आला. मूळ डेटाबेस एका यंत्रावर आणि त्याची रेप्लिकेशनची प्रत दुसऱ्यावर होती. भारामुळे दुसरे यंत्र इतके मागे पडले, की ते पहिल्यापासून पुन्हा भरून घेणे भाग पडले. भरण्याचे साधन चालू केले, पण ते काहीच न बोलता नुसते थांबून राहिले. वास्तविक ते पहिल्या यंत्राकडून डेटा येण्याची वाट पाहत होते. काम करणाऱ्या अभियंत्याला वाटले, दुसऱ्या यंत्रावरचा जुना फोल्डर आड येत असावा. त्याने तो पुसण्याची आज्ञा दिली. दुर्दैवाने ही आज्ञा दुसऱ्या यंत्राऐवजी पहिल्यावर, म्हणजे मूळ डेटाबेसवर गेली. चूक एक-दोन सेकंदांत लक्षात आली, आज्ञा थांबवली गेली. पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी अवघे साडेचार जीबी उरले होते.

चूक माणसाकडून होते. बॅकअप असतो तो त्यासाठीच. आता बॅकअप काढू, असे म्हणून मंडळी शोधाला लागली, आणि खरा धक्का तेथे बसला.

डेटाबेसचा डंप रोज घेतला जाऊन इंटरनेटवरील साठवणुकीत जायला हवा होता. तेथे पाहिले तर जागा रिकामी! कारण असे की, त्यांचा डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ या आवृत्तीवर चालत होता, परंतु डंप काढणारे साधन मात्र ९.२ या जुन्या आवृत्तीचे उचलले जात होते. आवृत्ती जुळत नाही म्हणून ते साधन रोज दोषाचा संदेश देऊन बाहेर पडत होते. मग हा दोष कोणाला कळला कसा नाही? दोष झाला की ई-मेल पाठवण्याची व्यवस्था होती. पण त्या ई-मेलवर पाठवणाऱ्याची खात्री पटवणारी आवश्यक खूण नसल्याने मेलची यंत्रणा ते नाकारत होती. थोडक्यात, बॅकअप बंद पडला होता आणि तो बंद पडल्याची खबर देणारी घंटाही बंद होती.

डिस्कचे स्नॅपशॉट घेण्याची सोय होती, पण ती इतर यंत्रांवर चालू असून डेटाबेसच्या यंत्रांवर चालूच केलेली नव्हती. रेप्लिकेशनचे दुसरे यंत्र तर भरून घेण्यासाठी आधीच रिकामे केलेले होते. अखेर कामी आला तो एक योगायोग. त्याच अभियंत्याने घटनेच्या सुमारे सहा तास आधी, वेगळ्याच एका चाचणीसाठी, हाताने एक स्नॅपशॉट घेऊन तो चाचणीच्या यंत्रावर ठेवला होता. तोच उचलून परत आणला गेला. चाचणीच्या यंत्राच्या डिस्क संथ असल्यामुळे नुसती प्रत हलवायलाच सुमारे १८ तास लागले. प्रोग्रामरांचे मूळ काम वेगळे ठेवलेले असल्याने ते वाचले. परंतु डेटाबेसमधील जवळपास सहा-सात तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीच्या अंदाजाप्रमाणे किमान ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि सुमारे ७०० नवे सदस्य यांच्या नोंदी त्यात होत्या.

या कंपनीचे एका गोष्टीसाठी कौतुक करावे लागेल. तिने काही लपवले नाही. आपले कोणते उपाय का चालले नाहीत, हे तिने सर्वांसमोर मांडले, आणि म्हणूनच आज आपल्याला त्यातून शिकता येते. त्या अहवालाचे सार एका वाक्यात सांगायचे तर, त्यांच्याकडे साधनांची कमतरता नव्हती. घेतलेला बॅकअप परत उघडून पाहणे हे काम मात्र कोणाच्याच वाट्याला नेमून दिलेले नव्हते.

आपल्या दुकानातील दोष

आपल्या दुकानात दोन-दोन यंत्रे नसतील, पण दोष याच जातीचे असतात. नेहमी आढळणारे दोष आणि त्यावरचे उपाय आम्ही खाली देत आहोत.

१) बॅकअप त्याच डिस्कवर. हिशेब 'सी'मध्ये आणि बॅकअप 'डी'मध्ये ठेवून अनेकजण समाधान मानतात. बहुतेक ठिकाणी हे दोन्ही एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. बॅकअप वेगळ्या वस्तूवरच हवा.

२) वेळ झाली, पण कॉम्प्युटर बंद. बॅकअपची वेळ रात्री दहाची लावलेली असते आणि दुकान नऊलाच बंद होते. बिलिंगची अनेक सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस हा मोफत डेटाबेस वापरतात. त्याच्यासोबत ठरल्या वेळी काम करून घेणारा 'एजंट' येत नाही. ते काम विंडोजच्या टास्क शेड्युलरकडून करून घ्यावे लागते. तेथे दिलेला पासवर्ड पुढे कोणी बदलला तर काम मुकाट्याने थांबते. वेळ दुकान चालू असतानाची ठेवा आणि पासवर्ड बदलला की शेड्युलरमध्येही बदला.

३) पेन ड्राइव्हचे अक्षर बदलले. काल 'ई' असलेला पेन ड्राइव्ह, प्रिंटरशेजारी दुसरी वस्तू जोडल्यामुळे, आज 'एफ' होतो. बॅकअपचे साधन 'ई' शोधते आणि 'पाथ नॉट फाउंड' म्हणून थांबते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून बॅकअपच्या ड्राइव्हला शेवटचे एखादे अक्षर कायमचे देता येते.

४) पेन ड्राइव्हवर जागा आहे, तरी फाईल जात नाही. ड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीने तयार केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही, मग ड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. तो रिकामा करून 'एक्सफॅट' किंवा 'एनटीएफएस' पद्धतीने पुन्हा फॉरमॅट करावा. फॉरमॅट करताना त्यावरील सर्व काही पुसले जाते, हे विसरू नये.

५) जागा भरली. रोजचा बॅकअप साठत जातो आणि एक दिवस डिस्क भरते. त्यानंतरचा प्रत्येक बॅकअप अर्धवट राहतो. किती दिवसांचे बॅकअप ठेवायचे हे ठरवा. आमच्या मते शेवटचे सात दिवस, शेवटचे चार आठवडे आणि प्रत्येक महिनाअखेर इतके पुरे.

६) नवे वर्ष, जुनाच फोल्डर. हा दोष सर्वांत फसवा आहे. एप्रिलमध्ये नवी कंपनी किंवा नवा फोल्डर उघडला जातो, पण बॅकअपला जुनाच फोल्डर सांगितलेला असतो. मग मार्चपर्यंतचा हिशेब रोज नेमाने जपला जातो आणि एप्रिलनंतरचा एक रुपयाही नाही! पडद्यावर मात्र 'बॅकअप पूर्ण झाला' असेच येते, आणि ते खोटेही नसते.

७) पासवर्ड एकालाच ठाऊक. हिशेब कुलूपबंद केला असेल तर त्याचा बॅकअपही कुलूपबंदच निघतो. मुनीम सोडून गेला आणि पासवर्ड त्याच्यासोबत गेला, तर प्रत हाती असून नसल्यासारखी. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद करून घरच्या तिजोरीत ठेवा.

दोष कोठे आहे हे शोधण्याचा क्रमही सोपा आहे. आधी बॅकअपच्या फायलीची तारीख पाहा, मग तिचा आकार पाहा. काल २०० एमबीची असलेली फाईल आज २ केबीची असेल तर ती नावापुरतीच आहे. गिटलॅबमध्येही तपासाच्या सुरुवातीला अवघ्या काही बाइट्सच्या फायली सापडल्या होत्या. त्यानंतर साधनाची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडून शेवटचा संदेश वाचा. 'ॲक्सेस डिनाइड' म्हणजे परवानगी नाही, 'डिस्क फुल' म्हणजे जागा नाही. संदेश समजला नाही तर तो पुसू नका, मोबाईलवर त्याचा फोटो काढून सॉफ्टवेअर देणाऱ्याला दाखवा. शेवटी बॅकअप एकदा हाताने घेऊन पाहा. हाताने होतो आणि आपोआप होत नाही, तर दोष वेळापत्रकात आहे. हातानेही होत नसेल तर दोष जागेत, परवानगीत किंवा खुद्द डेटाबेसमध्ये आहे.

सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या : घ्याव्यात की टाळाव्यात?

सॉफ्टवेअर माणसेच लिहितात, म्हणून त्यात चुका राहतात. या चुकीला बग आणि ती सुधारणाऱ्या छोट्या तुकड्याला पॅच म्हणतात. 'चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा?' असे म्हणून अनेक व्यापारी बंधू दुरुस्त्या टाळतात. यातला धोका मे २०१७ मध्ये साऱ्या जगाने पाहिला. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू पसरला. कॉम्प्युटरमधील फायली तो कुलूपबंद करी आणि चावीसाठी पैसे मागे. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटरना त्याची झळ लागली. ब्रिटनमध्ये रुग्णालयांची कामेसुद्धा अडली. वास्तविक तो विंडोजच्या ज्या बगमधून शिरत होता, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी दिली होती. ज्यांनी ती वेळेवर बसवली, त्यांच्याकडे तो त्या वाटेने शिरू शकला नाही.

या विषाणूने आणखी एक धडा दिला. कॉम्प्युटरला त्या वेळी जोडलेले बाहेरचे ड्राइव्हही तो कुलूपबंद करीत असे. म्हणून बॅकअपचा ड्राइव्ह कायम जोडून ठेवू नये. बॅकअप झाला की काढून कपाटात ठेवावा. तसेच, विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्या आहेत, हेही ध्यानात घ्यावे. सॉफ्टवेअरची चोरीची प्रत वापरणाऱ्यांना तर अशा दुरुस्त्या धड मिळत नाहीत, आणि ती प्रत ज्याने फोडली त्याने सोबत काय घातले आहे, याचीही खात्री नसते. स्वस्तातला हा सौदा महागात पडतो.

मात्र दुरुस्ती आली की डोळे झाकून बसवावी, असेही आमचे म्हणणे नाही. गिटलॅबचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळेच बंद पडला होता. डेटाबेस पुढे गेला आणि बॅकअपचे साधन मागे राहिले. म्हणून काही पथ्ये पाळावीत. दुरुस्तीपूर्वी पूर्ण बॅकअप घ्यावा आणि तो वेगळा ठेवावा. सध्याच्या आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवावा आणि तिची मूळ फाईल जपावी, कारण नव्या आवृत्तीने केलेला बॅकअप जुन्या आवृत्तीत बहुधा उघडत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या बाबतीत तर तो उघडतच नाही. कराचे विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी किंवा ईदच्या खरेदीच्या गर्दीत नवी आवृत्ती बसवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, दुरुस्तीनंतरचा पहिला बॅकअप उघडून पाहावा.

खरी परीक्षा : परत उभारणी

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. महिन्यातून एकदा, शक्यतो महिनाअखेरीच्या दुसऱ्या दिवशी, बॅकअप परत उघडून पाहण्याचा नेम ठेवावा. यासाठी दुसरा कॉम्प्युटर मिळाला तर उत्तम. भावाचा, शेजाऱ्याचा, मुलाचा लॅपटॉपही चालेल, फक्त आपला हिशेब कोणाच्या हाती जातो याचे भान ठेवावे आणि काम झाल्यावर प्रत पुसावी. दुसरा कॉम्प्युटर नसेल तर आपल्याच कॉम्प्युटरवर एक नवा रिकामा फोल्डर करावा. चालू हिशेबाच्या फोल्डरमध्ये बॅकअप कधीही उघडू नये. तसे केल्यास जुन्या नोंदी आजच्या नोंदींवर चढतात आणि परीक्षा घेता घेताच हिशेब हातचा जातो. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रिस्टोअर करताना 'कोठे ठेवायचे' हे विचारले जाते. तेथे तीनदा पाहून मगच पुढचे बटण दाबावे.

बॅकअप उघडला म्हणजे परीक्षा संपली असे नाही. मूळ हिशेब आणि उघडलेली प्रत शेजारी ठेवून पाच गोष्टी ताडून पाहा : शेवटच्या बिलाचा क्रमांक व तारीख, रोख शिल्लक, सर्व उधारीची बेरीज, नेहमीच्या एका ग्राहकाचे खाते आणि एका मालाचा साठा. बॅकअप घेतला त्या दिवसाचे आकडे पाचही ठिकाणी जुळले, तर त्या बॅकअपवर भरवसा ठेवायला हरकत नाही. एक जरी चुकला तर कारण सापडेपर्यंत जुना कोणताही बॅकअप पुसू नये.

परीक्षेला किती वेळ लागला हेही लिहून ठेवा. गिटलॅबला १८ तास लागतील हे आधी कोणी मोजले नव्हते. आपल्या दुकानाला दोन तास लागतात की दोन दिवस, हे आधी ठाऊक असले म्हणजे संकटाच्या दिवशी गिऱ्हाइकाला काय सांगायचे ते कळते. एका साध्या वहीत तारीख, जुळलेले आकडे आणि तपासणाऱ्याची सही ठेवावी. सही असली की काम कोणाचे हा प्रश्न राहत नाही.

प्रत कोठे ठेवावी?

अमेरिकेतील पीटर क्रोग या छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला ३-२-१ हा नियम जगभर मानला जातो. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी. दुसरी जागा कशासाठी, हे मुंबईकरांना सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पुरात कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातील बॅकअप दोन्ही एकदमच पाण्याखाली जातात.

दुसऱ्या जागेचे मोल सांगणारी एक गोष्ट चित्रपटसृष्टीतही घडली आहे. १९९८ मध्ये पिक्सार या कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असताना कोणीतरी चुकीची पुसण्याची आज्ञा दिली आणि चित्रपटाचा बहुतांश भाग नाहीसा झाला. बॅकअप काढून पाहिला, तर तो सुमारे महिनाभर नीट चालतच नव्हता. गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर चित्रपटाची प्रत होती. तो कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून गाडीतून कार्यालयात आणला गेला आणि काम वाचले.

आपल्यासाठी व्यवस्था साधी आहे. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी बाहेरच्या ड्राइव्हवर आणि तिसरी घरी किंवा इंटरनेटवरील साठवणुकीत. मात्र इंटरनेटवर 'सिंक' होणारा फोल्डर म्हणजे पूर्ण बॅकअप नव्हे. येथे पुसले की तेथेही पुसले जाते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाईल ३० दिवसच राहते. जे कारागीर बंधू मोबाईलवरील ॲपमध्येच उधारी लिहितात, त्यांनी दर महिन्याला ती एक्सेल किंवा पीडीएफ स्वरूपात बाहेर काढावी आणि उधारीच्या यादीचा एक छापील कागदही ठेवावा. फोन हरवतो, नंबर बदलतो. कागद उघडायला पासवर्ड लागत नाही.

हिशेब गेलाच तर

एवढे करूनही एखाद्या दिवशी हिशेब उघडला नाही, तर पहिली गोष्ट म्हणजे हात थांबवावा. नुकसान पहिल्या चुकीपेक्षा घाईने केलेल्या दुसऱ्या चुकीने अधिक होते. त्या कॉम्प्युटरवर नवीन काही लिहू नये, सॉफ्टवेअर पुन्हा बसवू नये, सॉफ्टवेअरमधील दुरुस्तीचे बटणही लगेच दाबू नये. बिघडलेल्या फोल्डरचीच आधी एक प्रत काढावी आणि जे काही प्रयोग करायचे ते प्रतीवर करावेत. काही पुसण्यापूर्वी शेजारी दुसऱ्या माणसाला उभे करून, 'हा कोणता कॉम्प्युटर, हा कोणता फोल्डर?' असे मोठ्याने विचारावे. दोन कॉम्प्युटर असतील तर त्यांवर वेगवेगळ्या रंगाच्या पट्ट्या चिकटवाव्यात. गिटलॅबच्या त्या रात्री पहिले यंत्र कोणते आणि दुसरे कोणते, हे पुसण्याआधी एकदा विचारले गेले असते, तरी अनर्थ टळला असता.

हे सर्व करायला फार खर्च येत नाही. बाहेरचा एक ड्राइव्ह, एक साधी वही आणि महिन्यातून दोन तास एवढेच लागते. वाचकांनी हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी कालचा बॅकअप काढावा आणि त्याची तारीख व आकार पाहावा. येत्या सुट्टीच्या दिवशी तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून शेवटच्या बिलाचा क्रमांक ताडून पाहावा. जुळला तर समाधान आहेच. नाही जुळला, तरी मूळ हिशेब अजून शाबूत असताना ते कळले, हाही फायदाच होय.